उरलेला इस्तू

एका शब्दासाठी मी आष्टीकडे गेले होते, आणि त्या शब्दापायी एका घरात नको तिथे हात घातला. ही गोष्ट त्या घराची आहे. माझा भाग त्यात थोडा आहे, तो आधी सांगून टाकते.

मी जालन्याची. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या चर्चमधल्या पाचसहा जणांनी एक काम हाती घेतलं होतं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, निवडक गोष्टी परतूर-अंबडकडच्या बोलीत सांगायच्या आणि आवाजात भरून मोबाइलवर पाठवायच्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही ऐकता येतील. शब्द तपासायचं काम माझ्याकडे आलं.

शास्त्राची मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, भाषा मला येत नाही. वडील चर्चचे पाळक होते, ते शिकले होते. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, त्यांच्या आधारानं मी चाचपडत जाते. त्या वह्यांत एक पान 'गहेलेत' या शब्दाचं आहे. गहेलेत म्हणजे जिवंत कोळसा, आत आग असलेला. काळ्या, न पेटलेल्या कोळशाला त्या भाषेत निराळाच शब्द आहे. पण शास्त्रातला हा जिवंत कोळसा नुसता चुलीत बसून राहत नाही. कुठे तो देवाच्या कोपाचा होतो, कुठे वैऱ्याच्या डोक्यावर रचला जातो, आणि एका ठिकाणी तर एक विधवा आपल्या उरलेल्या मुलालाच गहेलेत म्हणते. छापील मराठीत 'निखारा' आहे. आमच्यातले एक जण म्हणाले, इंगळ म्हणा. दुसरे म्हणाले, विस्तव. मी म्हटलं, जिच्या घरी अजून रोज चूल पेटते तिलाच विचारू या.

वर्षाराणी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिचं लग्न झालं, आष्टीजवळच्या एका वस्तीवर तिला दिली. धनगराचं घर. पूर्वी मेंढरं होती, आता चार एकरांत कापूस आणि तूर, आठदहा शेळ्या. ती तिथे आशा ताई म्हणून काम करते, स्कूटीवर वाड्यावस्त्या फिरते. मुलगी रेणू परतूरला वसतिगृहात राहून शिकते. नवरा मल्हारी अकरा वर्षांमागे शेतात वारला, एवढंच मला माहीत होतं. शेतात वारला म्हटल्यावर मी साप किंवा वीज धरून चालले. कधी विचारलं नाही.

फोनवर ती म्हणाली, "या की बाई. आमच्याकडं गॅस हाय, पण आत्या भाकरी चुलीवरच करतात. तुम्हाला पायजे तेवढे शब्द सांगतील."

फेब्रुवारीत एका दुपारी मी गेले. ज्यांना ती आत्या म्हणते त्या तिच्या सासूबाई, जयवंताबाई, चुलीपुढे बसल्या होत्या. सत्तरीला आलेली उंच, हाडाची बाई. हातावर हिरवं गोंदण, आवाज मात्र बारीक. मी कशासाठी आलेय ते सांगितल्यावर त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "येवढ्यासाठी जालन्याहून आल्या?"

त्यांनी फुंकणीनं कोळसे लाल केले. मी विचारलं, "याला काय म्हणता?"

"निखारा."

मग त्यांनी पळीनं राख ओढून त्यावर घातली, वर एक गोवरी ठेवली, पुन्हा राख. लाल रंग दिसेनासा झाला.

"आणि आता?"

"आता इस्तू." माझा हात धरून त्यांनी तो राखेवर नेला. ऊब लागली. "निखारा डोळ्याला दिसतो. इस्तू दिसत न्हाई, हाताला कळतो. असा दाबून ठिवला की सकाळपत्तुर ऱ्हातो. फुकलं की झालं, काडी लागत न्हाई."

"आणि विझला तर?"

"मंग शेजारी मागाय जायाचं. गवरीच्या तुकड्यावर घिऊन यायचं, वाऱ्यापासून जपत. आमच्या टायमाला असंच व्हतं. ज्या घरी इस्तू मागाय जाता येत न्हाई, त्या घराचं अन् आपलं तुटलं म्हणायचं."

मी भराभर वहीत उतरवून घेत होते. मनातून फार खूश होते. दोघांत विस्तव जात नाही असं मी मुलांना वाक्प्रचारात पाठ करायला लावलं होतं, आणि तो विस्तव गोवरीवरून कसा जातो ते मला आज कळत होतं. वर्षाराणी आत चहा करत होती.

शब्द मिळाला, तर तो वाक्यात बसतो का ते पाहावं म्हणून मी म्हटलं, "एक गोष्ट ऐकता का? तुमच्या बोलीत लिहून आणलीय. कुठं खटकलं तर सांगा."

आणि अडलेल्या शब्दाच्या जागी इस्तू घालून मी वाचायला लागले. एक विधवा राजापुढं गेली. म्हणाली, मला दोन लेकरं होती. दोघं शेतात भांडले. सोडवायला कुणी नव्हतं. एकानं दुसऱ्याला मारलं अन् तो मेला. आता सगळी भावकी माझ्यावर उठलीय. म्हणतात, भावाला मारणारा आमच्या हवाली कर. तसं झालं तर माझा उरलेला इस्तूबी विझंल.

मी वर पाहिलं. जयवंताबाईंचा हात राखेवर होता तिथेच होता. वर्षाराणी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं ताटली खाली ठेवली आणि अंगणात गेली.

जयवंताबाई म्हणाल्या, "मंग? राजा काय म्हणला?"

"राजा म्हणाला, तुझ्या पोराच्या केसाला धक्का लागू देणार नाही."

त्यांनी मान हलवली. चहावर साय धरली.

अंगणात वर्षाराणी स्कूटीजवळ उभी होती. मला म्हणाली, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं का?"

"काय सांगितलं होतं?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला खरंच माहीत नाही हे तिला कळलं. मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. रोजच्या भेटींची माहिती द्यावी तसं सांगितलं. मल्हारीला एक धाकटा भाऊ, सुग्रीव. दोघांची तूर शेजारी शेजारी, बोअर एकच. वीज दोन तास यायची. पाणी आधी कुणाच्या तुरीला, यावरून भांडण झालं. सुग्रीवच्या हातात फावडं होतं. जयवंताबाई मेंढरं घेऊन ओढ्याला गेल्या होत्या. शेतात तिसरं माणूस नव्हतं. सुग्रीवला सात वर्षांची शिक्षा झाली. तो आत असतानाच त्याची बायको माहेरी निघून गेली. चार वर्षांमागे तो सुटला, तेव्हा भावकीनं ठरवलं की त्यानं गावच्या शिवेत पाय ठेवायचा नाही.

"मी कुणाला काही म्हणले न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "पण त्यांनी तसं ठरवलं तवा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू."

"मला माफ कर."

"तुम्ही काय केलं? तुम्ही वाचून राह्यल्या व्हत्या." तिनं मला आष्टीच्या स्टँडवर सोडलं आणि परत गेली.

जालन्याला येऊन मी ती वही कपाटात ठेवली. पंधरा दिवस उघडली नाही. मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे जयवंताबाई होत्या. शेजारच्या सगुणाबाईंचा फोन मागून घेतला होता.

"बाई, त्या बाईचं पुढचं सांगा."

"कुठल्या?"

"राजाकडं गेल्ती ती."

पुढचं सांगणं सोपं नव्हतं. पण वर्गात पोरांनी विचारलेलं मी कधी टाळलं नव्हतं. म्हटलं, "जयवंताबाई, ती बाई खोटं बोलत होती. तिला तसले मुलगे नव्हतेच. त्या राजाच्या स्वतःच्या पोरानं भावाला मारलं होतं आणि तो दुसऱ्या मुलखात पळून गेला होता. राजा त्याच्यासाठी झुरत होता, पण बोलावत नव्हता. मग सेनापतीनं एक हुशार बाई शोधली, तिला दुःखाचे कपडे घालायला लावले, आणि काय बोलायचं ते शिकवून राजाकडं धाडलं. राजानं तिच्या पोराला माफी दिली, तेव्हा ती म्हणाली, मग तुमच्या पोराला का नाही?"

मला वाटलं, आता त्या रागावतील.

"लेकरं नव्हती तिला," त्या म्हणाल्या. "मंग इस्तू म्हणायचं कसं सुचलं असंल?"

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

"आणलं का राजानं पोराला?"

"आणलं. पण म्हणाला, त्यानं माझ्यासमोर यायचं नाही. दोन वर्षं एका गावात राहून बापलेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही."

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "माझा शहागडला हाय. हायवेला टायरच्या दुकानात. अतिक म्हणून हाय मालक. आमच्या गावचा एक ट्रकवाला सांगत व्हता. आता अकरा वर्षं व्हतील तोंड पाहून. कोरटात लांबून पाहिलं व्हतं ते शेवटचं."

आष्टीहून शहागड दोन-अडीच तासांचं. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन का नाही आलात?"

"वर्षाच्या चोरून? तिच्या चुलीवर भाकरी खाती मी. मल्हारीच्या मागं तिनं मला टाकलं न्हाई. माहेरचे न्यायला आल्ते, गेली न्हाई ती. तिला फसवून जायचं असतं तर चार वर्षांखालीच एष्टीत बसले असते." मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्या मास्तरीण. तुम्ही सांगा तिला. मला तिच्यासमोर त्याचं नाव घेता येत न्हाई."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मला धाडलं जात होतं. मी ठरवलं, जाईन, पण काही सजवून, आडून बोलणार नाही.

पुढच्या मंगळवारी मी आष्टीला आरोग्य केंद्रात वर्षाराणीला गाठलं. लसीकरणाचा दिवस होता. बायका पोरं घेऊन निघून गेल्या, तेव्हा ती बाहेर लिंबाखाली येऊन बसली. मी सरळ सांगितलं. सासूबाईंचा फोन आला होता. त्यांना शहागडला जायचं आहे. तुला विचारायची त्यांना हिंमत होत नाही.

वर्षाराणी हातातलं रजिस्टर मिटून बसली.

"बाई, एक विचारू? त्या तुमच्या गोष्टीत मेलेल्या भावाची बायको कुठं हाय?"

मी आठवून पाहिलं. राजा होता, सेनापती होता, खोटी आई होती, खरा बाप होता.

"नाही," मी म्हटलं. "तिचं नाव नाही. तिच्याबद्दल एक शब्द नाही."

"मला वाटलंच." ती रस्त्याकडे पाहत होती. "आणखी कुठं येतो तो शब्द?"

मी सांगितलं की एका ठिकाणी म्हटलंय, वैऱ्याला भूक लागली तर जेवू घाल, तहान लागली तर पाणी पाज, म्हणजे तू त्याच्या डोक्यावर जिवंत कोळसे रचशील.

"म्हंजी चांगुलपणानं भाजून काढायचं?"

"काही जण तसा अर्थ लावतात. शरमेनं त्याचं डोकं जळेल असा. काही जण म्हणतात, ज्याच्या घरची आग विझली त्याला डोक्यावरच्या मडक्यात आग द्यायची, म्हणजे तो घरी जाऊन चूल पेटवील. माझ्या वडिलांनी दोन्ही अर्थ लिहून ठेवलेत. कुठला खरा ते नाही लिहिलं."

"पहिला खरा असता तर मी त्याला रोज जेवू घातलं असतं," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती बोलत राहिली. मी मध्ये पडले नाही.

"आत्या रोज एक भाकरी जास्त करतात. अकरा वर्षं झाली. मंग उरली म्हणून शेळीला घालतात. त्यांना वाटतं मला कळत न्हाई. त्यांचं त्याच्यावर मन हाय, त्याचा मला राग न्हाई बाई. पोटचा हाय. मला येगळाच राग येतो. घरात ह्यांचं नाव कुणी घेत न्हाई. आत्या घेत न्हाईत, कारण ह्यांचं नाव घेतलं की त्याचं येतं. शेजारचे घेत न्हाईत. रेणू तवा चार वर्षांची व्हती, तिला काही आठवत न्हाई. माझा नवरा कसा मेला ते साऱ्या तालुक्याला माहीत हाय. कसा व्हता ते कुणी बोलतच न्हाई. मला लई आठवण येती त्यांची, पण बोलू कुणापाशी?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली. "मी त्याला घरात येऊ द्यायची न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. पण आत्या माझ्या कैदी न्हाईत. जाऊ द्या त्यांना. फक्त मला इचारायला पायजे व्हतं त्यांनी. तुम्हाला धाडायला नको व्हतं."

त्यांच्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तीन दिवसांनी वर्षाराणीचाच फोन आला: "रविवारी सकाळी या. आत्याला एकटीला गाडी बदलता यायची न्हाई."

रविवारी आठ वाजता ती सासूबाईंना स्कूटीवर घेऊन स्टँडवर आली. जयवंताबाईंनी धुवट हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर फडक्यात बांधलेलं जेवण. गाडी लागली. मी वर चढले. जयवंताबाई पायरीवर पाय ठेवणार, तोच वर्षाराणी म्हणाली, "आत्या, त्याला एक इचारा माझ्याकडून."

जयवंताबाई थांबल्या.

"त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं व्हतं. मी अबोल्यातच डबा भरून दिला. मागून पोलिसांनी डबा नेला, अन् परत दिला तवा धुतलेला व्हता. ह्यांनी तो खाल्ला व्हता का, येवढं इचारा. दुसऱ्या कुणाला माहीत असणार न्हाई."

जयवंताबाईंनी तिचा हात धरला. ती सोडवून घेऊन स्कूटीकडे गेली.

गाडी कुंभार पिंपळगाव करत निघाली; तीर्थपुरीला उतरून दुसरी धरली. उसाच्या ट्रॅक्टरमागे सारखी हळू होत होती. जयवंताबाई खिडकीशी बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, "काहीतरी बोला बाई. माझं काळीज थाऱ्यावर न्हाई."

मी म्हटलं, "त्या शब्दाचंच सांगू? येशूच्या गोष्टीत दोन ठिकाणी कोळशाची शेकोटी आहे. भाषा निराळी, ग्रीक, पण चीज तीच. पहिल्या ठिकाणी येशूला धरून नेलं होतं, आणि त्याचा जवळचा माणूस बाहेर अंगणात शेकोटीला हात शेकत उभा होता. लोकांनी विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. तीनदा म्हणाला."

"अन् दुसऱ्या ठिकाणी?"

"येशू मेला, पुन्हा उठला. सकाळच्या वेळी तळ्याच्या काठी त्यानं कोळसे पेटवले, त्यावर मासे भाजले, भाकरी ठेवली, आणि त्याच माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना म्हणाला, या, जेवा."

"अन् इचारलं न्हाई, असं का केलंस?"

"तसं नाही विचारलं. जेवण झाल्यावर विचारलं, माझ्यावर तुझी माया आहे का? तीनदा विचारलं."

जयवंताबाईंनी मान हलवली. "जेवण झाल्यावर," त्या म्हणाल्या. "बराबर हाय." आणि मग शहागड येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. झोपल्या नव्हत्या. हाताची बोटं फडक्याच्या गाठीवर फिरत होती.

अतिकचं दुकान हायवेच्या कडेला, पुलाच्या अलीकडे होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर टायरांची उतरंड, एक ट्रक जॅकवर चढवलेला. चाकाशी एक माणूस उकिडवा बसून पान्यानं नट ढिले करत होता. अर्धे केस पांढरे झालेले. चाळिशी यायची होती त्याची, पण पन्नाशीचा दिसत होता.

जयवंताबाई दहा पावलांवर उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. त्यानं पान्यावर जोर देताना मान वळवली, पाहिलं, पुन्हा चाकाकडे वळला. मग पाना त्याच्या हातातून खाली पडला. तो उठला नाही. तसाच बसून राहिला, पाठ आमच्याकडे.

दुकानातून अतिक बाहेर आला. साठीचा, टोपी घातलेला माणूस. त्यानं एकदा जयवंताबाईंकडे, एकदा सुग्रीवकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. "आपा, अंदर बसा. धूप हाय," म्हणाला, आणि ट्रकवाल्याला घेऊन चहाच्या टपरीकडे गेला.

जयवंताबाई पुढे गेल्या आणि मुलाच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. मी दुकानाच्या बाकड्यावर बसले. अंतर फार नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

"हात काळे हायत," सुग्रीव म्हणाला.

"असू दे."

"माय, तू कशी आलीस? वैनीला माहीत हाय?"

"तिनंच गाडीवर बसवून ष्ट्यांडवर सोडलं."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा आईकडे तोंड केलं. जयवंताबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरून, कानामागून, लहान पोराला चाचपावं तसा. त्याच्या भुवईवर एक जुना व्रण होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं. तो व्रण आतला, तुरुंगातला असावा. त्यांनी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. हायवेवरून गाड्या जात होत्या.

मग त्यांनी फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. सुग्रीवनं ड्रमातल्या पाण्यानं हात घासून घासून धुतले. तिघं जेवलो. तो खाली मान घालून, सावकाश, एकेक घास घेत होता. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी जयवंताबाईंनी विचारली, तेव्हा त्यानं तीही घेतली.

जेवण झाल्यावर जयवंताबाई म्हणाल्या, "वर्षानं एक इचारलंय." आणि जसंच्या तसं सांगितलं.

सुग्रीवनं रिकामं फडकं घडी घालून ठेवलं. मला वाटलं, तो उठून जाईल.

"जेवले व्हते," तो म्हणाला. "आमी दोघं जेवलो. बांधावरच्या बाभळीखाली. माझा डबा आल्ता न्हाई त्या दिवशी. दादा म्हणला, ये. मेथीची भाजी व्हती, सुकी. तीन भाकरी व्हत्या. एक अन् अर्धी मला दिली."

"अन् काही म्हणला?"

"म्हणला, तुझी वैनी रुसलीय आज. रुसली तरी मेथीच केली, बघ. घरी जाताना तिला आष्टीहून काहीतरी घिऊन जातो." त्याचा आवाज बसला. "त्याच्यावर तासबी झाला नसंल, माय. लाईट आली. तिथंपत्तुर सारं चांगलं व्हतं. मी रोज तिथंपत्तुर जातो अन् थांबतो. तिथून पुढं लाईट यायलाच नको व्हती."

जयवंताबाई म्हणाल्या, "मल्हारी." एवढंच. मग पुन्हा म्हणाल्या, "माझा मल्हारी." आणि रडल्या. सुग्रीवही रडला. बाकड्यावरून मी रस्त्याकडे पाहत बसले.

निघताना त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. "येऊ नको पुन्हा," म्हणाला. "तुला तरास व्हईल."

"पुढच्या महिन्यात येते," जयवंताबाई म्हणाल्या.

आष्टीला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. ऊन उतरलं होतं. वर्षाराणी स्टँडवर आधीच येऊन थांबलेली. तिनं काही विचारलं नाही, पण स्कूटी चालूही केली नाही. जयवंताबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. बाभळ, मेथी, दीड भाकरी. मग मल्हारीचं बोलणं. एकही शब्द कमी केला नाही, आपला एकही घातला नाही. सुग्रीव कसा दिसतो, काय खातो, याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

वर्षाराणी स्कूटीच्या सीटवर टेकली. "आष्टीहून काय आणणार व्हते?"

"त्ये न्हाई म्हणला. काहीतरी, येवढंच."

"बांगड्या," ती म्हणाली. "मी रुसले की बांगड्याच आणायचे. मापाच्या कधी नसायच्या. मोठ्याच आणायचे. हातातून निघून पडायच्या." ती हसली आणि त्या हसण्यातच तिचं तोंड वाकडं झालं. जयवंताबाईंनी तिला पोटाशी धरलं. येणारेजाणारे पाहत होते, पण त्या दोघींना त्याची फिकीर नव्हती.

मग त्या स्कूटीवर बसून गेल्या. जाताना वर्षाराणी मान अर्धी मागे वळवून बोलत होती, आणि जयवंताबाई तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून ऐकत होत्या. मी परतूरच्या गाडीची वाट पाहत उभी राहिले.

याला आता नऊ महिने झाले. आमच्या गोष्टीत 'इस्तू' हा शब्द घेतला. कुणीतरी सुचवलं की आवाजही जयवंताबाईंचाच घ्यावा. मी नको म्हटलं, आणि कारण सांगितलं नाही.

जयवंताबाई दर महिन्याला शहागडला जातात. आता त्यांना गाडी बदलता येते. वर्षाराणी स्टँडवर सोडते आणि न्यायला येते. भावकीचं म्हणणं होतं तेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत रेणू घरी आली तेव्हा सासूसुनेनं तिला तिच्या बापाच्या गोष्टी सांगितल्या. तो मेंढरांना नावानं हाक मारायचा, पोहायला भ्यायचा, असलं काहीबाही. हे मला रेणूनंच फोनवर सांगितलं.

पण वर्षाराणीनं सुग्रीवचं तोंड पाहिलेलं नाही, आणि पाहणार नाही असंच ती म्हणते. जयवंताबाईंना तेही हवं आहे. परवा फोनवर म्हणाल्या, "बाई, माझे डोळे हायत तवर दोघं एका पंगतीला बसावी, येवढंच मागून राह्यले मी." मी ऐकून घेतलं. वर्षाच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. आणि या वेळी मी निरोप घेऊन जाणार नाही, हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, जालन्याला थंडी पडली का.

मी म्हटलं, पडली आहे.